नवसाचा रकाना

राजमतीअक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणेल, बाई चांगली शिकलेली असणार. नव्हती. पलूसकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरात जन्मली आणि तिथंच चार कोसांवर दिली. नवरा शांतिनाथ पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याला बैलगाडीत घालून तिनं सांगलीजवळच्या आमच्या इस्पितळात आणलं. तो सात महिन्यांनी गेला. अक्का परत गावी गेली नाही, हाडांच्या वॉर्डात आया म्हणून राहिली. मी तिथं कारकून म्हणून लागलो तेव्हा तिला बारा वर्षं झाली होती.

मी मधु केळकर, वाईचा, मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं. पहिल्याच दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून अक्का नर्सला म्हणाली, "आवं बाई, ह्ये पेशंट हाय का कारकून? बसवायचं का निजवायचं?" अख्खा वॉर्ड हसला. त्या दिवसापासून माझं आणि तिचं फार गूळपीठ होतं असं कुणी समजू नये.

आमचे डॉक्टर चिंतामण आठल्ये. कण्याला क्षय लागला की मणके आतून किडतात, पाठीला कुबड येतं, आणि आतला पू मज्जारज्जूवर दाबला की पायांतलं बळ जातं. त्या काळी यावर औषध नव्हतं. रोग्याला प्लास्टरच्या साच्यात वर्ष-दीड वर्ष उताणं निजवायचं आणि वाट बघायची. डॉक्टर वाट बघणाऱ्यातले नव्हते. ते पू काढून टाकत, रोग्याच्याच नडगीच्या हाडाची पट्टी कापून घेत आणि ती किडलेल्या मणक्यांच्या मागच्या बाजूला बसवत. पट्टी रुजली की कणा जुळून येई. १९३९ ते ४३ या काळात त्यांनी अशा एक्केचाळीस पाठी उघडल्या होत्या.

पण पुढं त्या पाठींचं झालं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस टाके काढून, प्लास्टर घालून घरी गेला की गेला. मुंबईच्या मोठ्या सर्जन लोकांनी तर डॉक्टरांना पत्रातून चांगलंच झापलं होतं, की या कापाकापीनं काही साधत नाही, निजवून ठेवलेला रोगीच जास्त जगतो.

चव्वेचाळीसच्या दिवाळीनंतर उमा आली. मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, सोळा वर्षांची. बाप पलटणीत, ब्रह्मदेशात. आई अनसूया तिला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरली होती. उमाच्या पाठीवर मधोमध टेंगूळ होतं, आणि पायांतलं बळ हळूहळू चाललं होतं. आली तेव्हा आधारानं उभी राहत होती. आठवड्याभरात तेही जमेना.

डॉक्टर दोन दिवस तिच्या खाटेभोवती घिरट्या घालत होते. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. म्हणाले, "केळकर, त्या एक्केचाळीस जणांचा पत्ता काढा. ते बरे असतील तर मी या मुलीला हात लावतो. नसतील तर माझ्या हौसेसाठी तिची पाठ उघडणार नाही. पण लवकर. हिचे पाय थांबायचे नाहीत."

मी उत्तराची जोडकार्डं आणली आणि एक्केचाळीस पत्रं टाकली. 'आपली प्रकृती कशी आहे, चालता येते काय, काम करता येते काय, ते कळवावे.' तीन आठवड्यांत छत्तीस उत्तरं आली. सगळे खुशाल! एकजात! मी लाल शाईनं तक्ता आखला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : छत्तीसपैकी छत्तीस बरे. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि उमाचं ऑपरेशन गुरुवारी धरलं.

बुधवारी दुपारी अक्का विचारल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीत शिरली. तिच्यामागं एक घाबरलेला गडी होता.

"ह्यो नाथाजी," ती म्हणाली. "पाटणकडला. मेव्हण्याला बैलानं ढुशी मारलीया म्हणून घेऊन आलाय. मधुराव, तुमच्या त्या कागदावर हंबीरराव हाय का, ह्याचा भाऊ?"

मी तक्ता काढला. "आहे की. अकरावा. प्रकृती उत्तम."

"नाथाजी, सांग रं."

नाथाजीनं मुंडासं काढून हातात घेतलं. "दादा गेला की जी. येत्या शिमग्याला वर्स हुईल."

 मी कार्ड शोधून काढलं आणि मोठ्यानं वाचलं : 'आपले पत्र पावले, वाचून आनंद झाला. इकडील सर्व मंडळी खुशाल असून आपली खुशाली कळवावी.' म्हटलं, "मग हे काय आहे? हे कुणी लिहिलं?"

"मास्तरांनी लिवलं. बराबर हाय की," नाथाजी म्हणाला. "राहिलेली मंडळी खुशालच हाईत."

"पण आम्ही हंबीररावाचं विचारलं होतं!"

"मेलेल्याचं कार्ड कोपरा फाडून जातं, साहेब. त्ये तवाच पावण्यारावळ्यांना धाडलं. वर्सभरानं फिरून कसं लिवायचं? आन् डॉक्टरांनी एवढं मायेनं इचारलं, त्यास्नी कशाला वंगाळ सांगायचं?"

 यावर अक्का बोलली, आणि माझ्याकडं बघून बोलली. "मधुराव, दारात पावणा आला आन् 'कसं काय' म्हणाला, तर तुमच्या वाईत 'बरं न्हाई' म्हणत्यात का? सांगा की. आमच्यात न्हाई म्हणत. घरात मढं असलं तरी आधी गूळपाणी देतील, मग रडतील. तुमी 'कसं हाय' म्हणून इचारलं, त्येनी 'बरं हाय' म्हणून सांगितलं. ह्यात तुमाला काय कळलं? कप्पाळ!"

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण करणार काय, बाईचं खरं होतं. डॉक्टरांनी माझ्या हातातून तक्ता घेतला, चार तुकडे केले आणि गुरुवारचं ऑपरेशन रद्द केलं.

"मी जाते," अक्का म्हणाली. "एकेकाला डोळ्यांनी बघून येते. पाच आठवडं द्या."

"पाच आठवडे?" मी ओरडलोच. "अगं, पोरीला आत्ताच उभं राहवत नाही! पाच आठवड्यांत पाय पुरते जातील. त्याचं पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या. लिवून ठेवा. आन् उद्या कापली आन् ती हंबीररावाच्या वाटंनं गेली, तर ते कुणाच्या माथी लिवायचं तेबी आत्ताच सांगा."

 डॉक्टरांनी तिला जायला सांगितलं, आणि लिहून घ्यायला बरोबर मला धाडलं.

काय सांगू ते पाच आठवडे! लढाईमुळं पेट्रोल नाही, म्हणून मोटारी कोळशावर चालत. चढ आला की ड्रायव्हर म्हणे, उतरा आणि ढकला. अक्का उतरत नसे. "मी बाई माणूस हाय आन् पैसं दिल्यात," असं म्हणून खिडकीतून मलाच जोर लावायला सांगे. दिवस मावळायच्या आत तिचं जेवण झालं पाहिजे, पाणी तिच्या गाळण्यानं गाळलेलं पाहिजे, कंदमुळं चालणार नाहीत. म्हणजे दुपार कलली की आमची धावपळ सुरू. एवढं करून ती कधी दमलेली दिसली नाही. मीच दमायचो.

तिसऱ्याच दिवशी माझी वही गेली. साताऱ्यात तेव्हा इंग्रजी सरकारचा अंमल नावालाच होता, गावोगाव भूमिगत पोरांचा वचक. परका माणूस वही काढून नावं लिहितोय म्हटल्यावर दुसरं काय होणार? पारावर सहा जणांनी मला घेरलं. "खबऱ्या हाय का रं तू? कुणाची नावं लिवतोस?" खबऱ्यांच्या तळपायांचं काय करतात ते मी ऐकून होतो. माझी पाचावर धारण बसली. अक्का कुणाच्या तरी चुलीपाशी होती, ती तरातरा आली.

"सोडा रं त्येला! खबऱ्या असा असतोय व्हय? त्येला चहात साखर किती घालावी ते आठवत न्हाई, त्यो तुमची खबर काय ठेवणार? इस्पितळाचं माणूस हाय त्ये. पाठी बघाय आलोय आमी. तुमच्यात कुणाची पाठ दुखतीया का, तर फुडं या!"

पोरं हसायला लागली आणि मी सुटलो. वही मात्र त्यांनी चुलीत घातली. मी तोंड पाडून बसलो, तर अक्का म्हणाली, "बरं झालं. तुमची वही काढली की मानसं सरळ बसतात, दुखणं झाकून. आता मीच ध्यानात ठेवते." आणि ठेवलं. पुढची तीस-पस्तीस माणसं, कुठलं गाव, किती महिने निजला, कधी उठला, पाठीचा कुठला मणका वर आलाय, सगळं डोक्यात. संध्याकाळी मला म्हणून दाखवी, मी ऐके. एकदाही चुकली नाही. मला तिचा राग येई तो याचमुळं.

तिची रीत अशी. घरात गेल्यावर प्रकृतीचा विषयच काढायचा नाही. "बाबा, लांबून आलो, विहिरीतनं पाणी शेंदून दे जरा," म्हणायचं, आणि पोहरा ओढताना त्याची पाठ बघायची. खाली पडलेलं कणीस उचलायला लावायचं. जेवायला मांडी घालून बसवायचं, आणि उठताना हात कुठं टेकतो ते बघायचं. मग चुलीपाशी जाऊन घरच्या बाईशी बोलायचं. पुरुष ओट्यावर जे सांगत आणि बाई चुलीपाशी जे सांगे, त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

पाटणच्या अलीकडच्या एका गावात आप्पासो म्हणून तिशीतला गडी होता. माझ्या कार्डाला त्याचं उत्तर होतं : 'अगदी ठणठणीत.' प्रत्यक्षात पाठ धनुष्यासारखी. आम्हाला बघून मोठ्या उत्साहानं म्हणाला, "झ्याक हाय जी, लय झ्याक! डॉक्टर म्हंजी देवमानूस." मी अक्काच्या कानात म्हटलं, "बघ, हाड काही टिकलं नाही." ती तडक आत चुलीपाशी गेली. घटकाभरानं बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता.

"मधुराव, ह्यो घरी आल्यावर दीड महिन्यानं नवस फेडाय गेला. बायकोनं बोलला हुता. भैरोबाला लोटांगण घालीत सात फेऱ्या. प्लास्टर घरीच कापून काढलं, कारन देवाफुडं उघड्या अंगानं जायाचं. चौथ्या फेरीला पाठीत कट्ट आवाज आला म्हंती."

"आणि मग?"

"मग काय, ऱ्हायलेल्या तीन फेऱ्या पुऱ्या केल्या की."

मी डोकं धरून बसलो. म्हटलं, "अरे, आप्पासो, डॉक्टरांना का नाही कळवलंस?" तो गोरामोरा झाला. "देवाच्या दारात झालं, साहेब. त्ये डॉक्टरला काय सांगायचं?"

तिथून पुढं अक्का प्रत्येक चुलीपाशी एकच गोष्ट आधी विचारू लागली : नवस काय होता आणि कधी फेडला. आणि मला एकेक ऐकताना हसावं का रडावं ते कळेना. कुणी घरापासून देवळापर्यंत दंडवत घातलेलं. कुणी गडावर पायऱ्यांनी लोटांगण घातलेलं. माणूस बरा झाला, म्हणजे देवाचं देणं आधी, आणि ज्या अंगावर कृपा झाली त्याच अंगानं ते फेडायचं. बिचाऱ्यांनी ज्या कण्याचे आभार मानायचे, तोच कणा मोडून घेतला होता! एका बेरकी म्हाताऱ्यानं मात्र देवळात स्वतःऐवजी भाताचं पोतं लोटलं होतं. "माझ्याच वजनाचं हाय," असं त्यानं देवाला सांगितलं. तो ताठ होता आणि नांगर धरत होता.

पाच आठवड्यांनी परत आलो. अक्का चप्पल काढून सरळ उमाच्या खाटेकडं गेली आणि पांघरूण वर केलं. उमाची बोटंही हलत नव्हती. आम्ही निघालो तेव्हा हलत होती. अक्कानं पांघरूण नीट केलं, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि डॉक्टरांच्या खोलीत आली. उभ्यानंच तिनं अडतीस माणसं सांगितली, मी लिहून घेतली. तिघांचा ठावठिकाणा लागला नव्हता. सात मेले होते. दहा जणांची पाठ पुन्हा वाकली होती. एकवीस जण खरोखर बरे होते, शेती करत होते, त्यातल्या दोघींना मुलंही झाली होती.

"आणि वाकलेल्या दहांतल्या आठांनी," मी म्हटलं, "चार महिन्यांच्या आत लोटांगण किंवा दंडवत घातलेत. बऱ्या झालेल्या एकवीसांत एकानंही नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांना आधीपासून एक गोष्ट छळत होती. त्यांचे जैन रोगी इतरांपेक्षा बरे निघत, आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा दुधातुपाचा गुण. तसं टिपणही काढून ठेवलं होतं. अक्काला ते वाचून दाखवलं तेव्हा ती खो खो हसली. "दूध? आमच्यातल्या पायगोंडाला, तुमच्याच पेशंटला, इचारा दूध किती मिळतं ते. सगळं डेअरीला घालतोय. आवं डॉक्टर, आमची मानसं अभिषेक बोलतात. कळशीनं पाणी घालायला पाठ मोडत न्हाई."

"म्हणजे हाडात खोट नाही," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "हाडाला सवडच मिळाली नाही." आणि मग मोठ्यानं, "उद्या उमाला घेतो."

पण आता त्यांनी शहाणपणानं अनसूयाला बोलावून विचारलं, "बाई, नवस काय बोललाय?"

अनसूया हात जोडून म्हणाली, "उमी उभी ऱ्हायली की त्याच दिशी, तिच्या अंगानं, जानाईला लोटांगणाच्या पाच फेऱ्या."

झालं! डॉक्टर भडकले. अडाणीपणा काय, अंधश्रद्धा काय, तोंडाला येईल ते बोलले. अनसूयानं सगळं ऐकून घेतलं आणि पोरीचं गाठोडं बांधायला घेतलं. "देवीला दिल्याला शब्द मोडून पोरगी जगली, तर ती जगल्याली मला बगवायची न्हाई. आमी जातो."

अक्कानं डॉक्टरांना चक्क खांद्याला धरून बाहेर काढलं. "तुमी आत्ता गप ऱ्हावा. तुमचं काम उद्या." मग अनसूयाशेजारी खाली बसली. "बाई, मीबी देवाधर्माची हाय. शब्द मोडायचा न्हाई. पण देवीला इचारून तर बघूया. ती आई हाय, कसाई न्हवं."

अजून चार दिवस जाणार म्हणून मी पुन्हा चडफडलो. पण अनसूया, अक्का आणि मी असे तिघं मेढ्याला गेलो, तिथून चालत वाडीवर. जानाईचं देऊळ म्हणजे कौलारू खोपटं, भोवती दगडांची फरसबंदी. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं : "आई, ह्या लेकीचा नवस तू माफ करशील का? करनार असशील तर उजवी दे." आम्ही बसून राहिलो. डावी पडली. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. अनसूयाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मनात म्हटलं, संपलं. पोरीचे पाय गेले.

"थांबा, गुरवबाबा," अक्का पुढं सरकली. "तुमी चुकीचं इचारताय. दिल्यालं परत घेऊ का म्हटल्यावर कोन व्हय म्हनंल? मी असती तर मीबी न्हाईच म्हटलं असतं. असं इचारा : पोरीचं हाड कवळं हाय, दोन वर्सांची मुदत दे, मग पाचीच्या पाची फेऱ्या घिऊन जा. एक कमी न्हाई."

गुरवानं तसं विचारलं. पाकळ्या जरा वेळ तशाच राहिल्या. मग उजवी पडली. आता वारा होता, पाकळ्या ओल्या होत्या, गुरवाला अक्काची भीती वाटली का देवीला, ते मला विचारू नका. अनसूया मूर्तीच्या पायाशी आडवी झाली आणि तिसऱ्या दिवशी उमा ऑपरेशनच्या टेबलावर होती.

डॉक्टरांनी वाटीभर पू काढला. नडगीची पट्टी बसवली. पाठ झाकली, प्लास्टर घातलं. आणि पाय? पाय हलेनात. एक आठवडा झाला, तीन झाले, सहा झाले. डॉक्टर रोज टाचणीनं तळवे टोचत आणि निघून जात. मला रोज वाटे, ते पाच आठवडे आणि वरचे चार दिवस नडले. एकदा अक्काला म्हणालोही. ती फक्त म्हणाली, "लिवून ठेवा म्हटलं हुतं न्हवं?" आणि तिनं उमाचं अंग पुसायचं काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. माझ्याशी मात्र त्या दिवसांत तिनं एकही चेष्टा केली नाही, आणि मला ते फार खुपलं.

सातव्या आठवड्यात सकाळी ती उमाचे पाय पुसत होती. ओला पंचा तळव्याला लागला आणि उमा म्हणाली, "अक्का, गुदगुल्या हुत्यात." अक्कानं पंचा टाकला आणि अशी हाक मारली की मी हातातली दौत सांडली. डाव्या पायाचा अंगठा हलला होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पण हलला होता! डॉक्टर धावत आले, मी आलो, पाठी मोडलेले सगळे रोगी माना उचलून बघायला लागले आणि अक्कानं त्यांना दम भरला, "निजा रं! तुमचीबी हाडं वल्ली हाईत अजून!"

त्यानंतर डॉक्टरांनी रोग्याच्या कागदांचे नवे नमुने छापून घेतले. नाव, वय, गाव, दुखणं किती दिवसांचं, आणि खाली एक जादा रकाना : 'नवस कोणता? मुदत किती?' मुंबईच्या सभेत त्यांनी एक्केचाळीस पाठींचा निबंध वाचला, मेलेल्यांसकट, काही न लपवता. तिथल्या मोठ्या लोकांनी त्या रकान्यावरून थट्टा केली म्हणतात. करोत. पुढच्या दोन वर्षांत आमच्याकडं सव्वीस ऑपरेशनं झाली आणि सव्वीसांपैकी एकाचीच पाठ वाकली. नवस कुणाचा मोडला नाही, फक्त लांबवला. आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांतले गुरव अक्काला ओळखायला लागले होते.

उमा नऊ महिन्यांनी चालत घरी गेली. देवीची मुदत सत्तेचाळीसच्या चैत्रात भरली. डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो काढून पाहिला, हाड रुजलं होतं, तरी ते म्हणाले की लोटांगण मला काही पसंत नाही. अक्का म्हणाली, "तुमाला कोन लोटांगण घालाय सांगतंय?" आणि मला घेऊन मेढ्याला गेली.

उमा अठरा वर्षांची झाली होती. डोईवर पाण्याची घागर घेऊन चढ चढून आली, आम्हाला बघून हसली, आणि ओल्या साडीनं फरसबंदीवर आडवी झाली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला देवळाच्या मागच्या बाजूला ती थांबली. पालथी, तोंड खाली, हालचाल नाही. अनसूयानं तोंडात पदर कोंबला. पन्नाशीला आलेली अक्का धावली, तिला धावताना मी तेव्हाच पाहिलं.

"उमे! पाठ का?"

"न्हाई ओ अक्का," उमा धापा टाकत म्हणाली. "कोपराला खडा रुतलाय. काढते आन् येते."

तिनं खडा काढला आणि उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. उभी राहिली. अनसूया कुंकू लावायला पुढं आली, तर अक्कानं तिला बाजूला सारलं आणि देवीच्या समोर, सगळ्या वाडीदेखत, उमाच्या मानेपासून खाली एकेक मणका बोटांनी दाबत गेली. शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, "ताठ हाय." आणि तिथंच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. ज्या बाईनं शांतिनाथ गेल्यावरही कुणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं म्हणतात, ती रडत होती आणि म्हणत होती, "दोन वर्सं झोप न्हाई गं मला. माझ्या त्या पाच आठवड्यांनी तुझं पाय जात्यात का काय, रोज वाटायचं. मीच थांबवलं हुतं गं, मीच."

उमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.  ती पाठीतून वाकली, अक्काच्या दोन्ही काखांत हात घातले आणि एका दमात तिला उचलून उभं केलं.